परळचें के. ई. एम. रुग्णालय : एका अटीची कथा

मुंबईच्या परळ भागांत दोन संस्था एकमेकींस लागून उभ्या आहेत. रुग्णालयास इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचें नांव आहे. तो १९१० सालीं निवर्तला व त्याचें स्मारक म्हणून हें रुग्णालय उभारण्यांत आलें. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयास मुंबईचे धनिक शेठ गोर्धनदास सुंदरदास यांचें नांव आहे. एका नांवांत परकीय सत्तेची आठवण आहे, तर दुसऱ्या नांवाबरोबर आलेल्या देणगींत त्या सत्तेच्या एका मक्तेदारीस दिलेलें आव्हान आहे. हा योग कसा जुळून आला, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

मुंबईंत पाश्चात्य वैद्यकाचें पद्धतशीर शिक्षण १८४५ सालीं सुरू झालें. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यानें उभें राहिलेलें रुग्णालय आणि गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ निघालेलें महाविद्यालय त्या वर्षीं एकत्र नांदूं लागलीं. हिंदी मनुष्यास ही विद्या साधेल काय, अशी शंका त्या काळीं पुष्कळांस होती. १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या आठ पदवीधरांनीं तिचें निरसन केलें. पुढें विद्वान व लोकसेवक म्हणून ख्यातनाम झालेले डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांपैकींच एक.

शिकण्याचा प्रश्न सुटला. शिकविण्याचा मात्र सुटला नाहीं. सरकारी महाविद्यालयांतील अध्यापकांच्या मानाच्या जागा मुख्यत्वें इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे जात. ही मूळची लष्करी नोकरी. तिची परीक्षा १८५५ पासून हिंदी उमेदवारांस खुली झाली खरी, परंतु ती विलायतेंत होत असे. ज्याला समुद्रापारचा खर्च झेपे, तोच तिच्या वाटेस जाई. त्यामुळें विलायतेची उच्च पदवी घेऊन आलेला हिंदी वैद्यही, या नोकरींत नसल्यास, प्राध्यापकाच्या आसनापासून बहुधा दूरच राही.

यांत केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. वैद्यकाचें पुस्तक घरीं बसून पाठ करतां येतें. पण रोग्याच्या पोटावर हात कोठें व किती दाबून ठेवावा, छातींतला कोणता आवाज निरोगी व कोणता रोगट, हें गुरूच्या हाताखालीं, रोग्याच्या बिछान्याशेजारींच कळतें. शिक्षकाचीही गत तीच. शेंकडों रुग्ण ज्याच्या नजरेखालून जातात, त्यालाच दुर्मिळ रोग ओळखूं येतो आणि कठीण शस्त्रक्रिया हातांत बसते. शवपरीक्षेंत आपलें निदान खरें ठरलें कीं खोटें, हेंही त्यालाच पाहावयास मिळतें. ज्याला वॉर्ड नाहीं, त्याचें ज्ञान वाढण्याचा मार्गच खुंटतो. म्हणून रुग्णालयाचें दार बंद राहणें म्हणजे एका सबंध पिढीच्या विद्येचा झरा आटणें होय.

गोर्धनदास शेटजींच्या विश्वस्तांनीं नेमक्या याच ठिकाणीं बोट ठेवलें. महाविद्यालयासाठीं देणगी देतांना त्यांनीं अट घातली कीं, तेथील सर्व अध्यापक योग्य पदवी धारण करणारे, सरकारी नोकरींत नसलेले, स्वतंत्र हिंदी गृहस्थच असले पाहिजेत. मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशननें ही अट पत्करली. रुग्णालयाच्या वास्तूची आंखणी गेट-वे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट यांनीं केली. २२ जानेवारी १९२६ हा संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. पहिले अधिष्ठाते डॉ. जीवराज मेहता हे ग्रँट महाविद्यालयाचेच विद्यार्थी. लंडनची उच्च पदवी मिळवून ते परतले होते. १९४२ पर्यंत त्यांनीं ही धुरा वाहिली. पुढें १९६० सालीं ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

जागेची निवडही अर्थपूर्ण ठरली. परळ म्हणजे गिरणगांवाचें हृदय. गिरण्यांचे भोंगे, चाळींतील दाट वस्ती, तिच्यांतील क्षय आणि यंत्रावरील अपघात हें सारें रुग्णालयाच्या दाराशींच होतें. हाफकिन संस्था परळच्या जुन्या राजभवनांत १८९९ पासून होतीच. वाडियांचें प्रसूतिगृह १९२६ मध्यें व टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्यें आलें. अशा रीतीनें कामकऱ्यांच्या वस्तींतच वैद्यकाचें एक विद्यापीठ जणूं आकारास आलें. शहरांतील नामांकित वैद्य आपला खाजगी व्यवसाय सांभाळून येथें मानद म्हणून येत, गरिबांस तपासीत आणि विद्यार्थ्यांस शिकवीत.

त्या अटीचें फळ पुढें दिसून आलें. येथील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा रक्तदाबावरील परिणाम पारखून १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें निबंध प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्य वैद्यांचें लक्ष तिजकडे वेधलें गेलें. फेब्रुवारी १९६८ मध्यें डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं भारतांतील पहिलें हृदयरोपण येथें केलें. रोगी कांहीं तासांपलीकडे जगला नाहीं. पण असें कठीण कार्य अंगावर घेण्याची तयारी या भिंतींच्या आंत झाली होती. ऑगस्ट १९८६ मध्यें डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनीं शरीराबाहेर गर्भधारणा घडवून जन्मास आलेलें बालकही येथलेंच. शास्त्रीय नोंदींनिशीं सिद्ध झालेला असा तो भारतांतील पहिला जन्म.

आज रुग्णालयांत अठराशेंहून अधिक खाटा आहेत, तरीही त्या अपुऱ्या पडतात. कोंकणांतून, घाटावरून, परप्रांतांतून आलेले रोगी पहाटेपासून बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेंत उभे असतात आणि त्यांचे नातलग पदपथावर पथाऱ्या पसरतात. १९२६ ची अट आतां इतिहासजमा झाली आहे. अध्यापक हिंदी असावा, हें वेगळें लिहून देण्याची गरज उरली नाहीं. परंतु त्या अटीचा गाभा जुना झालेला नाहीं. जो वैद्य दरिद्री रोग्याच्या उशाशीं बसून शिकला, त्याची विद्या त्या रोग्याच्या उपकारांतून उभी राहिलेली असते. रोगी बरा होऊन घरीं जातो. ऋण मात्र वैद्याकडे राहतें, आणि तें फेडण्याची जागाही तो बिछानाच होय.