जुना कॉम्प्युटर हळू चालतोय? आधी हार्ड डिस्क तपासा

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, घरातला सात-आठ वर्षं जुना कॉम्प्युटर सुरू करून चहा पिऊन आलात तरी स्क्रीन नीट उघडलेली नसते ना? मग कोणी सांगतं फॉरमॅट मारा, कोणी म्हणतं नवीनच घ्या. थोडं थांबा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजर उघडेल. तिथे ‘डिस्क’चा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर प्रोसेसर बिचारा रिकामाच बसलाय आणि वाट बघायला लावतेय ती हार्ड डिस्क.

असं का होतं? जुन्या हार्ड डिस्कमध्ये गोल तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि माहिती वाचणारं हेड त्यांच्यावर पुढे-मागे सरकतं. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेऱ्यासाठी साधारण ८ मिलिसेकंद लागतात. (६० भागिले ७२००, सातवी-आठवीच्या मुलांना करायला द्या!) हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत थांबणं आलंच. त्यात एकाच फाइलचे तुकडे शंभर जागी पसरलेले असतील, तर हेडची नुसती पळापळ. एकाच धड्याची उत्तरं वहीत कुठल्याही पानावर लिहिणारा विद्यार्थी आठवा, म्हणजे कळेल.

हे तुकडे जोडणं म्हणजे डीफ्रॅगमेंट. पण ते लगेच सुरू करू नका! त्यात डिस्कला तासन्‌तास राबावं लागतं आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाऊ शकते. म्हणून मुलांचे फोटो, निकालपत्रकं, प्रश्नपत्रिका आधी पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मग क्रिस्टल डिस्क इन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत बघा. ‘गुड’ नसेल, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असेल, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर वेग वाढवायचा नाद सोडा आणि डिस्क बदला.

तब्येत ठीक असेल तर डिस्क क्लीनअप चालवा, सी ड्राइव्हवर किमान १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये नको ते प्रोग्रॅम बंद करा. यानेच बराच फरक पडतो. मग सर्च बॉक्समध्ये ‘डीफ्रॅगमेंट’ असं इंग्रजीत टाइप करून ते टूल उघडा. विंडोज १० हे काम आठवड्याला आपोआप करतं, पण कॉम्प्युटर क्वचितच लागत असेल तर ते राहून जातं. एसएसडी मात्र डीफ्रॅग करायची नसते. तिच्यात फिरणारं काही नाही, फायदा शून्य आणि झीज तेवढी होते.

आणखी एक. रॅम फक्त २ जीबी असेल तर विंडोज उरलेलं काम डिस्कवर ढकलतं आणि दोष मात्र डिस्कला लागतो. अशा वेळी रॅम वाढवलेली बरी.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर माझ्या मते खर्च एकाच गोष्टीवर करावा, साटा एसएसडीवर. अडीच इंची एसएसडी बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी बसते. दुकानदाराला ‘क्लोन करून द्या’ म्हणा, म्हणजे विंडोज आणि फाइली आहेत तशा नव्या डिस्कवर येतील. जुनी डिस्क परत मागून घ्यायला विसरू नका. घरातले सगळे फोटो तिच्यावर तसेच असतात.