पेटींतील पुस्तक आणि पेटीवरील गुण

चांदूर बाजारच्या आसपासच्या बागांतून संत्र्यांची तोड झाली म्हणजे त्यांची प्रतवारी होते. मोठें, निर्दोष फळ एका राशींत, लहान वा डागी फळ दुसऱ्या राशींत. आणि त्याप्रमाणें खोकीं भरलीं जातात. तथापि अनुभवी व्यापारी खोक्यावरील खूण वाचून थांबत नाहीं. तो खोकें उघडून फळ पाहतो. प्रतवारीनंतर तें फळ किती दिवस वाटेंत होतें, हें खूण सांगत नाहीं. जुन्या चित्रकथांच्या खरेदींतही हाच न्याय लागू पडतो. मात्र तेथें पेटी उघडतां येत नाहीं, म्हणून अधिक सावधपणा हवा.

ही पेटी कोणती, तें प्रथम सांगूं. अमेरिकेंत २००० सालीं सी.जी.सी. या नांवाची संस्था चित्रकथांच्या प्रतवारीचें काम करूं लागली. तिचे परीक्षक पानें मोजतात, मुखपृष्ठ, पाठ, कोपरे व पिना तपासतात, आणि ०.५ पासून १० पर्यंत गुण देतात. नंतर तें पुस्तक पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटींत कायमचें बंद करून वर गुण, पानांचा रंग व क्रमांक यांची चिठ्ठी लावितात. पुस्तकाची डागडुजी झालेली असल्यास तिचा उल्लेख चिठ्ठीवर येतो. अशा चिठ्ठीचा रंग जांभळा ठेवण्याची पद्धत आहे. ग्राहकानें दुरून पुस्तक घेतांना या गोष्टींचा मोठा आधार वाटतो, हें आम्हांसही मान्य आहे. १९३८ सालीं दहा सेंटांस विकल्या गेलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची ८.५ गुणांची एक प्रत २०२४ सालीं साठ लक्ष डॉलरांस गेली. इतक्या मोलाच्या व्यवहारांत तिऱ्हाईत परीक्षक हवाच.

परंतु पेटी जुनी असेल तर चार गोष्टी ध्यानांत धराव्यात.

पहिली ही कीं, गुण हे त्या दिवसाचे असतात. चित्रकथांचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यांतील लिग्निन नामक द्रव्य हवा व उजेड यांमुळें पिवळें पडतें, आणि कागदांतील आम्ल त्यास ठिसूळ करितें. पेटी बोटांचे डाग व घड्या टाळते. ही आंतली झीज ती थांबवीत नाहीं. वीस वर्षें खिडकीशीं ठेविलेल्या पेटीवरील ‘पांढरीं पानें’ हा शेरा आजही खरा असेल, असें धरून चालूं नये.

दुसरी, पेटी स्वतःही जुनी होते. तिच्यावर ओरखडे पडतात, कडेस तडा जातो, आंतील पुस्तक सैल होऊन हलूं लागतें व त्याचे कोपरे दुमडतात. ओरखडा प्लॅस्टिकवर आहे कीं मुखपृष्ठावर, हें तिरप्या उजेडांत पाहावें. पेटी बदलून मिळते; पण त्यास शुल्क पडतें, आणि परदेशीं पाठविण्याचा खर्च व धोका निराळाच.

तिसरी, चिठ्ठीवरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा, आणि तेथें छायाचित्र असल्यास पुस्तकाशीं जुळवावें. २०२३ च्या अखेरीस असें उघडकीस आलें कीं, कोणी लबाडानें अधिक गुणांच्या पेट्यांत हलक्या प्रती घालून त्या पेट्या नव्या करून घेतल्या होत्या. पुढें संस्थेनें संशयित क्रमांकांची यादी प्रसिद्ध केली. क्रमांक खरा असूनही पुस्तक दुसरें असूं शकतें, हा त्यांतील धडा.

चौथी, पेटी फोडल्यास गुण रद्द होतात. म्हणजे असें पुस्तक जपतां येतें, विकतां येतें. वाचतां मात्र येत नाहीं.

ही शेवटची गोष्ट पालकांनीं विशेष मनावर घ्यावी. आपल्याकडे मार्च १९६४ मध्यें मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघूं लागलीं व १९९० पर्यंत चाललीं. त्यांतील वेताळानें अनेक मुलांना वाचनाची गोडी लाविली. १९६७ सालीं अनंत पै यांनीं ‘अमर चित्र कथा’ आरंभिली. असे अंक पुष्कळ घरांतील ट्रंकांत अद्यापि असतील. वऱ्हाडचा उन्हाळा, पावसाळ्यांतील ओल व वाळवी हे त्यांचे शत्रू. अंक आम्लरहित कागदांत गुंडाळून, कोरड्या व अंधाऱ्या जागीं, भिंतीपासून दूर ठेवावेत. इतकें केल्यास फारसा खर्च न होतां ते टिकतील, आणि मुलांना वाचतांही येतील.

ज्यास संग्रहाची खरी आवड आहे व खर्चास पैसा मोकळा आहे, त्यानें पेटीबंद पुस्तक अवश्य घ्यावें. परंतु भाव वाढेल या आशेनें मुलाच्या शिक्षणाची शिल्लक त्यांत घालूं नये. लोकांची आवड फिरली कीं भावही उतरतो. विद्यार्थ्यांनीं एवढें स्मरावें कीं, परीक्षकाचें मत ऐकण्यासारखें असतें. तरी पैसे देण्यापूर्वीं आपल्या डोळ्यांनीं पाहण्याचें काम कोणतीही चिठ्ठी आपल्यासाठीं करीत नाहीं.