ओव्हनमधला पंखा नेमकं काय करतो?

दिवाळीच्या आधी पीठ, तूप आणि पिठीसाखर फेसून डबा घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचं आणि भट्टीत नानकटाई भाजून आणायची, ही रीत माटुंगा, दादर, परळ, गिरगावात पिढ्यान्‌पिढ्या चालली. आता त्या भट्ट्यांचे दिवस भरत आलेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराने घेरलेल्या शहरासाठी ते योग्यच झालं. पण त्यामुळे नानकटाई घरच्या विजेच्या ओव्हनवर आली, आणि त्यासोबत एक बटण आलं ज्याबद्दल घरोघरी वेगवेगळं सांगितलं जातं: कन्व्हेक्शन.

सगळ्यात मोठा गैरसमज दुकानातच सुरू होतो. ‘कन्व्हेक्शन म्हणजे मायक्रोवेव्हचा वरचा प्रकार’ असं गिऱ्हाइकाला सांगतात. खरं तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मायक्रोवेव्हमध्ये मॅग्नेट्रॉन नावाचा भाग २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि त्या पदार्थातल्या पाण्याला तापवतात. कन्व्हेक्शनमध्ये विजेचा दांडा तापतो, हवा तापते आणि पंखा ती हवा फिरवतो. एकाच खोक्यात दोन्ही सोयी बसवल्या, एवढंच. म्हणून अशा यंत्रात नुसत्या कन्व्हेक्शनवर केकचा ॲल्युमिनियमचा डबा चालतो आणि नुसत्या मायक्रोवेव्हवर चालत नाही. दोन्ही एकत्र चालणाऱ्या कॉम्बिनेशन सेटिंगवर कोणतं भांडं घालायचं, ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत बघूनच ठरवावं. आणि साध्या मायक्रोवेव्हमधून येणारा घुर्रर्र आवाज ऐकून ‘आमच्यात पण पंखा आहे की’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: तो पंखा यंत्राचे आतले भाग थंड ठेवण्यासाठी असतो. त्याने केक भाजला जात नाही.

‘पंखा लावला की ओव्हन जास्त तापतो’ हा दुसरा समज. बटण १८० अंशांवर असेल तर पंखा असो वा नसो, थर्मोस्टॅट हवा १८० च्या आसपासच ठेवणार. बदलतो तो उष्णता पदार्थापर्यंत पोहोचण्याचा वेग. ओव्हनमधल्या प्रत्येक पदार्थाभोवती हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. पदार्थ थंड असतो, त्यातून वाफ निघत असते, त्यामुळे तो थर बाकीच्या हवेपेक्षा गार राहतो आणि उष्णतेला अडवतो. पंखा नेमका हाच थर उडवून लावतो. मे महिन्यात विदर्भात ४५ अंशांच्या दुपारी सावलीत उभं राहता येतं, पण लू सुटली की तोंड भाजतं. तापमान तेच असतं, वाऱ्याने फरक पडतो. ओव्हनमध्येही तेच घडतं.

शाळेच्या विज्ञानात वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णता पोहोचवण्याचे तीन मार्ग शिकवतात. पंख्याशिवायच्या ओव्हनमध्येही गरम हवा वर चढते आणि गार हवा खाली येते, म्हणजे अभिसरण तिथेही असतंच. पंख्याचं बटण त्याला फक्त जोर देतं.

हे एकदा समजलं की तापमानाचा प्रश्न आपोआप सुटतो. पंखा चालू असेल तर कृतीत दिलेल्या तापमानातून साधारण २० अंश सेल्सिअस कमी करायचे. नानकटाई पंख्याशिवाय १७५–१८० वर भाजत असाल, तर पंख्यावर १५५–१६० ठेवा आणि नेहमीच्या वेळेच्या पाच मिनिटं आधी काचेतून बघायला लागा. फक्त कृती कुठली आहे ते आधी तपासा. ब्रिटिश पुस्तकांत बहुतेक वेळा दोन्ही आकडे शेजारी छापलेले असतात, त्यातून पुन्हा वीस वजा केलेत तर नानकटाई पांढरीफटक राहील. अमेरिकन कृतीतले ३५० हे फॅरनहाइट असतात, म्हणजे आपले साधारण १७७.

आता ज्या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे, तो: पदार्थाच्या पृष्ठभागाचं काय व्हायला हवं? ओला पृष्ठभाग शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. खरपूस तपकिरी रंग आणि भाजका वास यायला त्याच्या बरंच वर, ढोबळमानाने १४० अंशांपर्यंत जावं लागतं. १९१२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार याने प्रथिनं आणि साखर यांच्यात घडणाऱ्या ज्या क्रियेचं वर्णन केलं, तिच्यामुळे हा रंग येतो. पंखा वाफ हटवतो, पृष्ठभाग लवकर सुकतो, म्हणून रंगही लवकर येतो. नानकटाई, खारी, भाजलेली शंकरपाळी, चिवड्यासाठी कुरकुरीत करायचे पोहे, मसाला लावलेले बटाटे, कालचे बटाटेवडे पुन्हा खुसखुशीत करणं, यांना हेच हवं असतं. तिथे पंखा बिनधास्त लावा.

केकला मात्र हे नको असतं. स्पंज केकचा वरचा थर लवकर कडक झाला आणि आतलं पीठ अजून फुगत असलं की मधोमध डोंगर होतो आणि त्याला चीर जाते. माटुंग्यातल्या गुजराती घरांत होणारा दही-सोड्याचा बिनअंड्याचा केक तर आणखी नाजूक. अंड्याचा आधार नसल्यामुळे तो आतून सावकाश धरतो. त्याला वरचा-खालचा दांडा आणि पंखा बंद, हेच मला योग्य वाटतं. कॅरमेल कस्टर्डही पंख्याविना, पाण्याच्या भांड्यात ठेवून करावं. ‘कन्व्हेक्शन आहे म्हणजे सगळं त्यावरच करायचं’ हा हट्ट पैसे वसूल करण्याच्या भावनेतून येतो, पण पंखा बंद ठेवणं हाही त्याच यंत्राचा पूर्ण वापर आहे.

पावाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण बेकरीसारखा पाव घरी का होत नाही याचं उत्तर इथेच दडलंय. भट्टीत शेकडो पाव एकदम शिरतात, त्यांचीच वाफ आत कोंडते आणि वरची साल काही वेळ मऊ राहते, त्यामुळे पाव पुरता फुलतो. शिवाय विटांनी तासन्‌तास साठवलेली उष्णता तळातून आणि छतातून थेट येते. घरच्या ओव्हनमध्ये आठ पाव आणि वर पंखा, मग वाफ टिकणार कुठे? साल आधीच सुकते आणि पाव फुगायचा थांबतो. म्हणून पहिली आठ-दहा मिनिटं पंखा बंद ठेवा, खालच्या फळीवर उकळत्या पाण्याची वाटी ठेवा आणि रंगासाठी हवा असेल तर शेवटी पंखा लावा.

‘पंखा आहे म्हणजे ट्रे फिरवायला नको’ हेही खरं नाही. बऱ्याच ओटीजींमध्ये (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) पंखा बटणांच्या बाजूच्या भिंतीत असतो आणि त्याच्या जवळची रांग आधी लाल होते. अर्ध्या वेळेनंतर ट्रे उलट फिरवावाच. ट्रे आणि भिंती यांच्यात बोटभर तरी जागा सोडा, नाहीतर हवा फिरणारच नाही. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये डबा काचेच्या तबकडीवर न ठेवता सोबत मिळणाऱ्या तारेच्या स्टँडवर ठेवायचा, म्हणजे खालूनही हवा लागते. बटर पेपर ट्रेपेक्षा मोठा असेल तर पंख्याच्या वाऱ्याने त्याचा कोपरा उचलला जातो, फडफडतो आणि वरच्या दांड्याला टेकून काळा पडतो, कधी पेटतोही. पेपर मापात कापावा आणि चारही कोपऱ्यांखाली पिठाचा लहानसा गोळा चिकटवावा.

आधी ओव्हन तापवायची गरज पंख्यामुळे संपत नाही. गार ओव्हनमध्ये गेलेल्या नानकटाईतलं तूप वितळून पसरतं आणि गोल पेढ्याऐवजी चपटी चकती हाती येते. बऱ्याच स्वस्त ओटीजींमधला दिवा फक्त वीज चालू असल्याचं सांगतो, तापमान झाल्याचं नाही. काहीशे रुपये खर्चून ओव्हनचा थर्मामीटर आत टांगला तर बटणावरचा आकडा किती खरा आहे ते कळतं.

विजेच्या बिलाची भीती अनाठायी आहे. दांडे दीड-दोन हजार वॉटचे, पंखा त्या मानाने अगदीच कमी वॉटचा, आणि कमी तापमान व कमी वेळामुळे एकूण वीज थोडी वाचतेच. काळजी घ्यायची ती वायरिंगची. मुंबईत बेस्टची वीज येते २३० व्होल्टची, म्हणजे दोन हजार वॉटचा ओव्हन जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. माटुंग्याच्या जुन्या इमारतींत ओट्यावरचं सॉकेट पुष्कळदा दिवा-पंख्यासाठी असलेलं ६ अँपिअरचं असतं. मोठ्या पिनेचा प्लग कन्व्हर्टर लावून तिथे खुपसू नये. १६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं वेगळं सॉकेट घ्यावं, आणि ओव्हन बंद करून प्लग काढताना तो हाताला गरम लागला तर पुढचा घाणा थांबवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.