देऊळ, दवाखाना आणि जक्कय

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या तीर्थक्षेत्राला किती कोटी, याचे मथळे झळकतात. हिंगोली जिल्ह्यात अशा बातमीत औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव ही दोन नावे आधी शोधली जातात. याच दिवसांत ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ चालू असतो. राखेच्या बुधवारी सुरू होणारे हे चाळीस दिवस स्वतःच्या मनाची झडती घेण्याचे. तीर्थक्षेत्रांच्या विकास आराखड्यांच्या बातम्या आणि उपवासकाळ एकत्र आले की मला उमेश विनायक कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ आठवतो. २०११ सालचा हा चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला, आणि अभिनय व संवाद या दोन्हींसाठी गिरीश कुलकर्णी गौरवले गेले. श्रद्धेची थट्टा करणारा विनोदी चित्रपट म्हणून अनेकांनी तो बाजूला ठेवला. ख्रिस्ती नीतीच्या कसोटीवर घासून पाहिला, तर इतका धार्मिक चित्रपट मराठीत क्वचितच सापडेल, असे माझे ठाम मत आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. मंगरूळ गावातला भोळा केश्या आपली करडी गाय शोधायला माळावर जातो, झाडाखाली डोळा लागतो आणि त्याला दत्तगुरू दिसतात. बायबल वाचणारा माणूस इथेच थबकतो. नव्याण्णव मेंढरे सोडून एका हरवलेल्यासाठी रानात जाणारा मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात आहे. केश्याला दर्शन होते तेही एका मुक्या जिवाच्या शोधात, उन्हात पाय तुडवताना. त्याला खरेच काय दिसले, याचा निवाडा चित्रपट करत नाही, आणि हे मला फार मोलाचे वाटते. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले अण्णा त्याला सांगतात की हे तुझे आहे, तुझ्यापाशीच ठेव. पण तोवर गावात बोभाटा झालेला असतो.

पुढे जे होते ते ज्याच्या त्याच्या गरजेतून होते. पत्रकार बातमी छापतो, बेकार पोरांना काम मिळते, बायाबापड्यांना आधार मिळतो, दुकाने लागतात, भोंगे लागतात, देणग्या येतात. मंगरूळमध्ये खलनायक नाही. म्हणूनच आपण हसतो, आणि म्हणूनच तो चित्रपट आपल्याला सोडत नाही.

धर्माच्या बाजारावर हसणे धर्माला मंजूर आहे का? या प्रश्नावर बायबलमध्ये एक खणखणीत गोष्ट आहे. दानिएलच्या पुस्तकाचा हा भाग कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. त्यामुळे अनेक ख्रिस्ती घरांतही ती माहीत नसते. बाबेलमध्ये बेल नावाची मूर्ती होती. तिच्यापुढे रोज बारा मापे मैदा, चाळीस मेंढरे आणि सहा मापे द्राक्षारस ठेवला जाई, आणि सकाळी सगळे फस्त. राजा म्हणतो, बघ, किती जेवतो माझा देव! दानिएल हसतो. हसतो, असे मूळ कथेतच आहे. मग तो राजादेखत गाभाऱ्यात राख चाळून पसरतो. दार बंद होते, त्यावर राजाची मोहर लागते. सकाळी मोहर शाबूत आणि नैवेद्य गायब. राजा आनंदाने ओरडतो. दानिएल पुन्हा हसतो आणि जमिनीकडे बोट दाखवतो. राखेत पावलेच पावले: पुरुषांची, बायकांची, मुलांची. सत्तर पुजारी आणि त्यांची कुटुंबे रोज रात्री चोरवाटेने येऊन जेवून जात होती.

या कथेचा शेवट क्रूर आहे. राजा त्या सगळ्यांना मारतो, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण भोंदूपणा उघडा पाडताना संदेष्ट्याच्या ओठावर हसू असते, एवढे ती नक्की सांगते. ‘देऊळ’ मात्र दानिएलच्याही पुढे जातो. मंगरूळला राख पसरून उपयोग नाही, कारण तिथे चोरवाट नाही. पावले सगळ्यांची आहेत, भर दिवसा, गाजावाजा करत आलेली. अशा ठिकाणी पकडायचे कोणाला?

यरुशलेमच्या मंदिरातही हेच होते. येशूने दोऱ्यांचा कोरडा करून ज्यांचे चौरंग उलथले ते सराफ बेकायदा बसलेले नव्हते. मंदिराचा कर ठराविक नाण्यांतच भरावा लागे, म्हणून नाणी बदलून देणारे हवेत. दुरून आलेल्या गरिबाला मेंढरू परवडत नाही, म्हणून कबुतरे विकणारे हवेत. प्रत्येक चौरंगामागे रास्त कारण होते. त्या साऱ्या रास्त कारणांची बेरीज होऊन प्रार्थनेची जागा बाजार झाली होती. ख्रिस्ती नीती मंगरूळकडे बघते ती या नजरेने.

आणि ही नजर आधी स्वतःच्या घराकडे वळायला हवी. दुसऱ्याच्या मूर्तीकडे बोट दाखवून ‘बघा, आम्ही सांगत होतो’ म्हणणारा ख्रिस्ती प्रेक्षक हा चित्रपट चुकीचा पाहतो आहे. रोमचे सेंट पीटर चर्च उभारायला पापक्षमापत्रे विकली गेली, आणि त्या विक्रीवरच १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर उसळला. आपल्याकडे वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे विकत मिळतात. ती वाहणाऱ्या आईच्या डोळ्यांतले पाणी खरे असते. केश्याचेही पाणी खरेच होते.

चित्रपटाचा खरा काटा मात्र दवाखान्यापाशी आहे. अण्णांनी गावासाठी रुग्णालयाची योजना आखलेली असते. नाना पाटेकरांनी साकारलेले गावचे पुढारी भाऊही आधी तिच्या बाजूचे असतात. मग वारे फिरते, देऊळ उभे राहते, रुग्णालय कागदावरच राहते, अण्णा गाव सोडतात. मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे किती मंदिरे बांधली, किती वेळा प्रार्थना केली, हे विचारलेच जात नाही. भुकेल्याला खायला दिले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, एवढेच विचारले जाते. आणि तो आजारी म्हणजे मीच होतो, असे ख्रिस्त सांगतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले ते याच श्रद्धेतून. या हिशेबाने मंगरूळने देवासाठी दवाखाना सोडला असे म्हणताच येत नाही. दवाखाना सोडला तिथे देवच सोडला.

हे ऐकून कोणी म्हणेल, परक्या धर्माचे माप आमच्या गावाला कशाला? पण हिंगोलीच्या मातीत हे माप जुने आहे. औंढ्याची आख्यायिका इथले पोरही सांगते. देवळापुढे कीर्तन करणाऱ्या संत नामदेवांना पुजाऱ्यांनी मागे जायला सांगितले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. त्याच औंढ्यात नामदेवांचे गुरू विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेव रागावले, तेव्हा विसोबांनी सांगितले की जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. योहानच्या शुभवर्तमानात विहिरीवरची शोमरोनी स्त्री येशूला विचारते, देवाची उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमात? ना इथे, ना तिथे, आत्म्याने आणि खरेपणाने, असे उत्तर तिला मिळते. विसोबांना हे उत्तर ऐकून नवल वाटले नसते.

नर्सीला आणि औंढ्याला रस्ते व्हावेत, भक्तनिवास व्हावेत. आडरानात थकलेल्या वारकऱ्याला पाणी आणि सावली मिळणे हीसुद्धा सेवाच आहे. मला बोलायचे आहे ते क्रमाबद्दल. जिल्ह्यातल्या सेनगाव, कळमनुरीच्या आडगावातली बाळंतीण रात्री कुठे पोहोचते, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर यावा.

चित्रपटाशी माझे भांडण आहे ते शेवटाशी. बाजार पाहून कासावीस झालेला केश्या मूर्ती पळवतो, नदीत सोडतो, आणि गाव दुसरी मूर्ती बसवते. वास्तव म्हणून हे अचूक आहे. पण केश्या एकटाच बदलतो आणि बाकीचे गाव जिथल्या तिथे राहते, हे ख्रिस्ती मनाला अपुरे वाटते. लूकच्याच शुभवर्तमानात याउलट घडते: येशूला पाहायला उंबरावर चढलेला बुटका जक्कय हा जकातदारांचा मुखिया होता, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशूने त्याला हाक मारून खाली उतरवले आणि त्याच्याच घरी मुक्कामाला गेला. गाव कुरकुरले. जक्कयने भाषण केले नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला नाडले त्याला चौपट परत, असा सरळ पैशांचा हिशेब त्याने मांडला.

‘देऊळ’मध्ये असा माणूस होऊ शकला असता तो एकच, भाऊ. तो लबाड असला तरी कोडगा नाही. अण्णांपुढे त्याची मान खाली जाते. दानपेटी त्याच्या ताब्यात आहे, माणसे त्याचे ऐकतात, आणि रुग्णालयाची योजना त्याने एकदा मनापासून मान्य केलेली आहे. चौपट राहू द्या. त्या पेटीतले अर्धे जरी त्याने दवाखान्याकडे वळवले असते, तरी अण्णांना परत बोलावायला त्याच्याकडे तोंड उरले असते.