'मॅश' : युद्ध, शस्त्रक्रिया आणि काळा विनोद

प्रस्तावना :
युद्धपट म्हटला की शौर्य, त्याग आणि हौतात्म्य यांचे चित्रण अपेक्षित असते. रॉबर्ट ऑल्टमन दिग्दर्शित 'मॅश' (१९७०) या अमेरिकन चित्रपटाने ही अपेक्षा मोडीत काढली. मॅश म्हणजे आघाडीलगतचे फिरते लष्करी शस्त्रक्रिया रुग्णालय. कोरियन युद्धात (१९५०-५३) अशा रुग्णालयात शल्यचिकित्सक असलेल्या रिचर्ड हॉर्नबर्गर यांनी रिचर्ड हूकर या टोपणनावाने लिहिलेली कादंबरी (१९६८) हा चित्रपटाचा आधार होय. कथानक कोरियातील असले तरी तो प्रदर्शित झाला तेव्हा व्हिएतनाम युद्ध चालू होते आणि प्रेक्षकांनी तो त्याच युद्धाच्या संदर्भात पाहिला. पटकथाकार रिंग लार्डनर (कनिष्ठ) हे हॉलिवूडच्या काळ्या यादीतील लेखक. या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

विनोदाचे स्वरूप :
काळा विनोद मृत्यू हलका करीत नाही. मृत्यूच्या सान्निध्यात जगणाऱ्यांची विसंगती तो उघड करतो. 'मॅश'मध्ये रणांगण जवळजवळ दिसत नाही. दिसते ते युद्धाचे फलित. शस्त्रक्रियागृहात रक्त उडत असते आणि शल्यचिकित्सक क्षुल्लक गप्पा मारीत टाके घालीत असतात. अनेक पात्रे एकाच वेळी बोलतात. ध्वनिक्षेपकावरून निरर्थक सूचना येत राहतात. या गोंधळात एकच गोष्ट शिस्तबद्ध राहते, ती म्हणजे शल्यचिकित्सकाचे हात. हॉकआय आणि ट्रॅपर जॉन लष्करी शिष्टाचार धुडकावतात, परंतु रुग्णाविषयी हयगय करीत नाहीत. उलट धर्मनिष्ठ मेजर बर्न्स आपल्या चुकीचे खापर एका तरुण सहायकावर फोडतो. चित्रपटाची नैतिक कसोटी येथे स्पष्ट होते : निष्ठा घोषणेत नसून कामात असते.

विनोदाची मर्यादा :
तथापि हे हास्य निर्दोष नाही. मुख्य परिचारिका मेजर हूलिहान स्नान करीत असताना तंबूचा पडदा उचलला जातो आणि समोर जमलेला जनसमुदाय हसतो. ती वरिष्ठांकडे दाद मागते, तेव्हा तिची तक्रार उडवून लावली जाते. येथे विनोदाचे लक्ष्य सत्ता नाही, एकाकी स्त्री आहे. हूलिहान अधिकारी असली तरी त्या पुरुषसमूहात तिचा हुद्दा तिला संरक्षण देत नाही. व्यवस्थेविरुद्ध बंड करणारे नायक तिच्या बाबतीत मात्र व्यवस्थेइतकेच निर्दय ठरतात. चित्रपट या विसंगतीकडे चिकित्सकपणे पाहत नाही. म्हणून ती चिकित्सा अभ्यासकाला करावी लागते.

समारोप :
'मॅश'ला १९७० साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि त्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिका १९७२ ते १९८३ या काळात गाजली. मात्र त्याचे खरे महत्त्व एका प्रश्नात आहे. असह्य वास्तवात शुद्धीवर राहण्यासाठी माणूस हसतो, हे मान्य केले तरी त्या हास्याची किंमत कोण मोजतो? वर्गात हा चित्रपट अभ्यासताना हास्याइतकाच हा प्रश्नही चर्चेत यावा.