आडव्या पेटीतला हिवाळा

मधमाशी हिवाळ्यात झोपत नाही. बेडूक चिखलात गाडून घेतो, गांधीलमाशीची राणी एखाद्या सालीखाली एकटीच निपचित पडून राहते. मधमाशा मात्र बाहेर उणे वीस अंश असतानाही दहा-पंधरा हजारांच्या जमावाने जाग्या असतात आणि मध जाळून उष्णता निर्माण करत असतात.

पारा साधारण 14 अंशांच्या खाली उतरू लागला की त्या पोळ्यांच्या मधल्या फटींत दाटीवाटीने गोळा होतात. उडण्याचे स्नायू तेच, पण पंख न हलवता नुसते थरथरवायचे, म्हणजे शरीर तापतं. गोळ्याच्या आतल्या भागात अंडी-अळ्या असतील तर तिथलं तापमान 34-35 अंशांवर धरून ठेवलं जातं. बाहेरच्या थरातल्या माशा डोकी आत खुपसून, अंग आक्रसून बसलेल्या असतात. त्यांचं तापमान जेमतेम दहा अंशांच्या आसपास असतं. त्याहून खाली गेलं की माशी बधिर होते, पकड सुटते आणि ती तळाशी पडते. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत संपते. शरद ऋतूत जन्मलेली माशी पाच-सहा महिने जगते, कारण तिच्या पोटातल्या मेदात प्रथिनांचा साठा असतो. वसंतातली पहिली पिल्लं त्या साठ्यावरच वाढतात. तेव्हा हिवाळ्यात मधमाशीला किती राबावं लागतं, हा तिच्या आयुष्याचाच हिशोब आहे, आणि तो बराचसा तिच्या घराच्या भिंतीवर ठरतो.

थंड मुलुखात तिचं मूळ घर झाडाची ढोली. चहूबाजूंनी वीतभर जाड लाकूड, खाली छोटंसं दार, वर छिद्र नाही. रशियातल्या बश्किरियाच्या बुर्झ्यान भागात आजही माणसं दोराने उंच पाइनवर चढतात आणि जिवंत खोडात कोरलेल्या ढोलीतून मध काढतात. पोलंड आणि बेलारूसमधली हीच परंपरा 2020 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आली.

माणसाने पेटी केली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मध होता. युक्रेनमध्ये बातुरिनजवळ राहणारा पेट्रो प्रोकोपोविच हा सैन्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याने 1814 मध्ये काढता-घालता येणाऱ्या चौकटींची पेटी केली आणि 1828 मध्ये मधमाशीपालनाची शाळाही काढली. पुढे 1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या लक्षात आलं की चौकट आणि भिंत यांच्यात सहा ते नऊ मिलिमीटरची फट सोडली तर माशा ती मेणाने किंवा राळेने बुजवत नाहीत. या एका निरीक्षणावर आजचा मधाचा धंदा उभा आहे. एकसारख्या पेट्या, एकावर एक मजले, ट्रकमध्ये चढवायला सोप्या. फक्त त्यांची फळी आज सर्रास 19 मिलिमीटर जाडीची असते. वीतभर लाकडाच्या जागी बोटभरसुद्धा नाही.

ही फळी अपुरी आहे हे जुन्या अमेरिकन संशोधकांना ठाऊक होतं. फिलिप्स आणि डेमथ या जोडीने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पेटीत तापमापक ठेवून हिवाळी गोळ्याचा अभ्यास केला. चार-चार पेट्या एका मोठ्या खोक्यात ठेवून भोवती भुसा आणि पाचोळा ठासण्याचा सल्ला त्यांनी शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पुस्तिकांमधून दिला. पण खोकी अवजड आणि मजुरी महाग. पुढे एक सोयीचं सूत्र रूढ झालं: माशा पेटी तापवत नाहीत, फक्त आपला गोळा तापवतात, तेव्हा पेटीला ऊब कशाला? हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालं आणि भुसा गेला.

इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातले डेरेक मिचेल हे यंत्र-अभियंते. उष्णतेचं वहन हा त्यांचा विषय. 2016 मध्ये त्यांनी मांडलं की प्रचलित पेट्यांमधून झाडाच्या ढोलीच्या चार ते सात पट उष्णता निसटते. 2023 मध्ये ते आणखी पुढे गेले. गोळ्याचा बाहेरचा दाट थर म्हणजे माशांनी पांघरलेलं पांघरूण, असं सगळे मानत आले होते. मिचेल यांचं म्हणणं असं की माशा जितक्या घट्ट दबतात तितकी त्या थरातून उष्णता जास्त वाहून जाते. घट्ट गोळा हे सुखाचं लक्षण नव्हे. तो नाइलाज आहे. ढोलीत माशांना इतकं आवळून बसण्याची वेळ कमी येते. यावर वाद आहेत, ते होणारच. पण मला हे मांडणं पटतं, कारण पातळ फळीची पेटी आपल्या सोयीची होती आणि तिच्यातली माशीची धडपड आपण तिचा स्वभाव समजून बसलो.

सगळीकडे भुसा गेला नाही. युक्रेन आणि रशियात आडवी पेटी टिकून राहिली. एकच लांबट संदूक, मजले नाहीत, चौकटी एका रांगेत. युक्रेनी चौकट पाहण्यासारखी आहे: दादाँ या नावाने प्रसिद्ध असलेली चौकट 435 मिलिमीटर रुंद आणि 300 उंच, युक्रेनी मधपाळांनी तीच उभी केली, 300 रुंद आणि 435 उंच. त्यामागचं कारण हिवाळ्याचं. गोळा खालच्या बाजूला बसतो, मध त्याच्या डोक्यावर, आणि वर चढणारी ऊब तो मध खाण्याजोगा ठेवते. जानेवारीत गोळा वर सरकू शकतो, पण कडाक्याच्या थंडीत शेजारच्या चौकटीवर जाणं त्याला जड जातं. बुटक्या चौकटीच्या पेटीत हाताच्या अंतरावर मध असताना उपाशी मेलेल्या माशा सापडतात त्या यामुळेच.

फ्रान्समध्ये झॉर्झ द लायाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशीच उभट चौकटीची आडवी पेटी बांधली. ते वनस्पतिशास्त्रज्ञ, गास्ताँ बोनिए यांच्याबरोबर त्यांनी फ्रान्सच्या वनस्पतींचा ग्रंथ केला. वर्षातून दोनदाच पेटी उघडावी, वसंतात चौकटी वाढवायला आणि शरदात मध काढायला, असं त्यांचं सांगणं होतं. त्यांच्या देशात ती पेटी मागे पडली, स्पेनमध्ये मात्र रुजली. रशियात कालुगा प्रांतात फ्योदर लाझुतिन यांनी जाड भिंतींची, खोल चौकटींची पेटी लोकप्रिय केली. त्यांचं पुस्तक इंग्रजीत आणणारे लिओ शाराश्किन अमेरिकेतल्या मिसूरीत दोन फळ्यांमध्ये मेंढीची लोकर भरलेल्या पेट्या बांधतात आणि त्यांचे आराखडे फुकट वाटतात.

लाझुतिन पद्धतीची पेटी उघडतानाच फरक दिसतो. झाकण उचललं तरी माशा दिसत नाहीत. चौकटींच्या वरच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून असतात, त्यामुळे समोर सलग लाकडी छत येतं, त्यावर पेंढ्याची किंवा शेवाळाची उशी. पटाशीने कडेची एक पट्टी सोडवायची. राळेचा कडकन आवाज होतो आणि बोटभर फट पडते. तेवढ्याच फटीतून काही माशा वर येऊन बघतात. बाकी वसाहतीला छप्पर उघडल्याचा पत्ताही नसतो. मजल्यांच्या पेटीत वरचा मजला उचलला की सगळ्या घराची ऊब एका क्षणात जाते. इथे एका खिडकीपुरती जाते.

शरदात मधपाळ रिकाम्या चौकटी काढून घेतो, माशा बसतील तेवढ्याच ठेवतो आणि पडदी सरकवून उरलेली जागा बंद करतो. दोन वसाहती असतील तर मधे पातळ फळी घालतो. दोन्ही गोळे त्या फळीला टेकून बसतात आणि एकमेकांची ऊब वापरतात. जानेवारीत पेटीवर बोटाने टकटक करून कान लावायचा. गुणगुण चटकन उठून चटकन विरली तर सगळं ठीक. लांबत जाणारा विव्हळल्यासारखा आवाज आला तर राणी गेली असावी.

थंडीइतकाच घातक असतो ओलावा. एक किलो मध माशांनी जाळला की त्यातलं मूळचं पाणी आणि साखरेपासून बनलेलं पाणी मिळून सुमारे 670 ग्रॅम वाफ होते. हिवाळाभरात 20 किलो मध लागला तर 13 लिटरहून अधिक पाणी त्या संदुकात तयार होतं. झाकण पातळ आणि गार असेल तर ही वाफ तिथे गोठते आणि नंतर थेंबाथेंबाने गोळ्यावर पडते. ओली माशी वाचत नाही. म्हणून पुष्कळ जण वर भोक पाडतात, आणि त्या भोकातून ऊबही जाते. झाकणच जाड असलं तर वाफ तिथे न साचता खालच्या गार भिंतीवर उतरते, आणि पिल्लं वाढवायला लागणारं पाणी माशांना घरबसल्या मिळतं.

या पेटीच्या मर्यादाही आहेत. भरलेला संदूक दोघांना उचलत नाही. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या बदामबागांकडे लाखो वसाहती ट्रकने नेणाऱ्या धंद्याला ती कधीच चालणार नाही. आणि व्हरोआ नावाच्या गोचिडीवर तिच्यात उपाय नाही. ही गोचीड मूळची आशियाई मधमाशीची, म्हणजे आपल्या सातेरीच्या कुळाची. सातेरी तिला अंगावरून झाडून काढते, आणि ही गोचीड तिथे मुख्यतः नर पिल्लांवरच वाढते. विसाव्या शतकात ती युरोपीय माशीवर गेली आणि जगभर पसरली. हिवाळी माशीच्या ज्या मेदावर सगळी भिस्त, तोच ती खाते. गोचीड आवरली नाही तर लोकरीच्या भिंतीचाही उपयोग नाही.

सह्याद्रीतल्या मधपाळाला हिवाळ्याची धास्ती नसते. त्याच्या माशांचा उपासाचा काळ म्हणजे पावसाळा. पण हिमालयात आपल्याच देशात या प्रश्नाचं जुनं उत्तर उभं आहे. हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरच्या जुन्या घरांत दगडमातीची जाड भिंत बांधतानाच तिच्यात सातेरीच्या जातभाईंसाठी पोकळी ठेवतात. बाहेरच्या बाजूला बोटभर भोक, आतून शेणामातीने लिंपलेली फळी. चुलीच्या घराची ऊब माशांना, मध घरातूनच हाताला. सिमेंटच्या बारीक भिंतीत ही सोय होत नाही. त्या बाजूला जाल तेव्हा अशी भिंत दिसली तर घरच्या मोठ्या माणसाला तिच्याबद्दल अवश्य विचारा, आणि तिथे कुणी नवं घर बांधत असेल तर एक कोनाडा माशांसाठी सोडायला सांगा.