चाक फिरते, पण फाईल पोहोचली का?

एकोडीहून ट्रान्सपोर्टने माल पाठवला की हातात बिल्टी येते. गाडी कुठवर गेली ते फोन करून विचारता येते. वेबसाईटवर फाईल चढवताना मात्र पुष्कळदा नुसते गोल चाक फिरत राहते, आणि माणूस बेचैन होतो.

मागच्या वर्षी एका खरेदीदाराच्या वेबसाईटवर कोशाच्या साड्यांचे फोटो व कागदपत्रे पाठवायची होती. शेवटचा दिवस. दहा मिनिटे चाक फिरले. अडकले समजून मी बंद केले व पुन्हा पाठवले. असे तीनदा झाले आणि दर वेळी काम पहिल्यापासून! मुदत संपली, ऑर्डर गेली. नंतर मुलाने हिशेब मांडला. फाईल ८ एमबीची, चढण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ६४ किलोबिट. म्हणजे जवळपास १७ मिनिटे लागणार होती. पडद्यावर तेवढे दिसले असते तर मी सबुरीने बसलो असतो.

हे दाखवणे काही अवघड नाही. फाईल किती मोठी व त्यातली किती गेली, हे ब्राउझरला ठाऊक असते. भागाकार केला की टक्के निघतात. ब्रॅड मायर्स या संशोधकाने १९८५ सालीच लिहिले होते की टक्केवारीची पट्टी वापरणाऱ्याला हवी असते. ब्राउझरमधून फाईल चढवण्याची पद्धत झेरॉक्स कंपनीच्या दोघांनी १९९५ मध्ये मांडली. पण किती गेले हे पानाला सांगण्याची सोय ब्राउझरांत २००९ च्या सुमारास येऊ लागली. म्हणजे आज सबब उरलेली नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पट्टी १०० टक्के झाली म्हणजे माल गोदामात उतरला, तपासून झाला असे नव्हे. जीएसटीचे विवरण फाईलने चढवणाऱ्या बांधवांना हे माहीत आहे: आधी संदर्भ क्रमांक मिळतो, मग तपासणी चालते, आणि चूक निघाली तर तसा शेरा येतो. तो क्रमांक बिल्टीसारखा जपून ठेवावा. महिन्याचे जीएसटीआर-१ पुढच्या ११ तारखेपर्यंत भरायचे असते, तेव्हा ८ तारखेलाच बसलेले बरे.

आपल्या दुकानाची वेबसाईट कोणी बनवून देत असेल तर त्याला पैसे देण्याआधी एक मोठी फाईल चढवून पाहा. टक्के दिसतात का? मधेच लाईन तुटली तर उरलेला तुकडाच जातो, की सगळे पुन्हा?